आर्लीनचा फोन

सिनेमाच्या स्टुडिओंच्या बर्बँक गावात वीस-पंचवीस वर्षं असा काळ होता, की फोन वाजला आणि पलीकडून "मी आर्लीन सोबोत्का, कटिंग रूममधून बोलतेय" असं ऐकू आलं, की भलाभला नट आधी खुर्ची ओढून बसायचा. उभ्यानं ऐकायचा तो फोनच नव्हे. कुणी तिला शिव्या घातल्या, कुणी रडलं, आणि एका म्हाताऱ्या नटीनं तर पुढं दर नाताळाला न चुकता कार्ड पाठवलं. एवढ्या परक्या माणसांना फोन करणाऱ्या या बाईचा घरातलाच एक फोन मात्र करायचा राहून गेला होता. तो तिनं एकतीस वर्षांनी केला.

सोबोत्कांचं घर विमानांच्या कारखान्याच्या भोंग्याच्या टप्प्यात होतं. बाप कारखान्यात पत्र्यांना रिबिटा ठोकायचा. दिवसभर कानात ठणठणाट, म्हणून घरी जेवणाच्या टेबलावर कामाचं अक्षर काढायचं नाही असा त्याचा दंडक. दुसरं काहीही बोला. आई लुडमिला शनिवारी खसखशीचे कोलाच, म्हणजे गोड पाव, भाजायची, आणि तिचा थोरला वेंडेल, सगळ्यांचा डेल, ते खाता खाता गल्लीतल्या सगळ्यांच्या नकला करायचा. पाद्री कसा शिंकतो, शेजारच्या ओट्सबाई कुत्र्याला फिरवतात की कुत्रं त्यांना, असलं सगळं. त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटी आर्लीन, घरातली आर्ली, गप्प बसून ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "कुत्र्याचं आधीच सांगितलंस तर मग उरलं काय? कुत्रं शेवटी आण."

"बरं, मास्तरीणबाई," डेल म्हणायचा. पण दुसऱ्या दिवशी कुत्रं शेवटी यायचं, आणि बापाच्या हातातली कॉफी हिंदकळायची.

एकोणीसशे चौपन्न साली, एकोणिसाव्या वर्षी, ती स्टुडिओत लागली. काम काय, तर पांढरे सुती हातमोजे घालून फिल्म पुसायची आणि काठावरचे बारीक आकडे जुळवत तुकड्याला तुकडा लावायचा. शिवणटिपणासारखं काम म्हणून ते बायकांना द्यायचे. बायकांनी ते असं शिवलं, की कितीतरी दिग्दर्शकांची फाटकी अब्रू त्या टाक्यांवर टिकली. पण ते कुणी बोलत नसे.

तिथं फेन्विक नावाचा म्हातारा एडिटर होता. त्यानं तिला हाताखाली घेतलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "सेटवर पाऊल टाकायचं नाही. नटाशी हात मिळवायचा नाही. कोण थंडीत किती कुडकुडला, कुणाची बायको सोडून गेली, हे आपल्या कानावर येता कामा नये. आलं तर कात्री अडखळते."

"आणि माणूस ओळखीचाच निघाला तर?" आर्लीननं विचारलं.

"तर ओळख विसरायची. पडद्यावर जेवढं दिसतं तेवढंच खरं."

आठ वर्षं हाताखाली काढल्याशिवाय कात्री हातात मिळायची नाही, असा तेव्हा युनियनचा नियम होता. आर्लीननं आठ वर्षं कापलेले तुकडे खिळ्यांना टांगले, त्यांच्यावर चिठ्ठ्या लावल्या, साहेबांना सापडेना तो तुकडा डोळे झाकून काढून दिला. मग टीव्हीवरची घोडेस्वारांची मालिका तिच्या वाट्याला आली. दर आठवड्याला तीच धूळ आणि तेच बंदुकीचे बार. त्यानंतर सहा वर्षं इस्पितळाची मालिका. त्यात तिचं नाव झालं. बाकीचे एडिटर बोलणाऱ्याचं तोंड दाखवायचे, ही ऐकणाऱ्याचं दाखवायची. डॉक्टर म्हणाला "आमच्या हातात आता काही नाही", की पडद्यावर डॉक्टर नसायचाच. पेशंटची बायको पर्सची कडी उघडतेय आणि मिटतेय, एवढंच दिसायचं. घरोघरी बायका डोळ्यांना रुमाल लावायच्या.

मध्येच तिनं लग्नही करून पाहिलं. गस नावाचा माणूस, सिनेमातले आवाज मुद्रित करायचा. त्याला मैलावरच्या रेल्वेची शिट्टी ऐकू यायची, टेबलापलीकडची बायको ऐकू यायची नाही. सात वर्षांनी दोघं न भांडता वेगळे झाले.

डेल ब्रेडच्या गाडीवर ड्रायव्हर होता. पहाटे उठून हॉटेलांना, दुकानांना आणि स्टुडिओच्या खाणावळीला पाव पोचवायचा. तिथंच कुणीतरी त्याचा चेहरा पाहिला आणि गर्दीत उभं केलं. पुढं पंधरा वर्षांत तो तीनदा मेला, अकरा वेळा कोर्टात ज्यूरीच्या बाकावर बसला, आणि एकदा त्यानं राज्यपालांना छत्री धरली. वाक्य असं त्याला कधी मिळालं नाही. बहिणीची ओळख सांगून काम मागावं, हे त्याच्या मनातही आलं नाही. "आर्ली कापते, मी उभा राहतो. आमचं दुकान वेगळं," तो म्हणायचा.

चौऱ्याहत्तर साली आर्लीनला पहिला मोठा सिनेमा मिळाला. टॉलिव्हर नावाचे दिग्दर्शक होते. एक बाप आपल्या मुलीच्या लग्नाला, आमंत्रण नसताना, वाळवंटातून गाडी हाकत निघालाय, अशी गोष्ट. त्यात वाटेत पेट्रोल पंपावरचा एक माणूस त्याला भेटतो आणि चार मिनिटं बोलतो. त्या चार मिनिटांसाठी टॉलिव्हरसाहेबांनी साठ माणसं पाहिली आणि डेलला निवडलं. तो हिचा भाऊ आहे हे त्यांना तेव्हा माहीतही नव्हतं.

रीळ आर्लीनच्या टेबलावर आलं. पंपाच्या खांबाला टेकून डेल बोलत होता. त्या पंपवाल्याचीही मुलगी घर सोडून गेलेली, नाताळाला तेवढं कार्ड येतं. तिची खोली त्यानं रंगवून ठेवलीय. टेबलावरच्या नकला नाहीत, आवाज चढवणं नाही. आर्लीननं यंत्र थांबवलं आणि मदतनीस मुलीला कॉफी आणायला पाठवलं. कॉफी तिला नको होती, खोली रिकामी हवी होती.

मग सिनेमा पुरा जोडून रिव्हरसाइडच्या थिएटरात परक्या लोकांना दाखवला. लोक पंपापर्यंत छान बसले. पंपावर तर इतके रमले, की पुढं गाडी निघाली तरी त्यांची मनं काही पंपावरून हलेनात. लग्नाला बाप पोचतो की नाही याचं कुणाला सोयरसुतक राहिलं नाही. मागच्या रांगेत उभ्या आर्लीनला लोकांच्या पाठींवरूनच ते कळलं. लोक खुर्चीत चुळबुळायला लागले होते.

तिनं तो सीन अकरा प्रकारे लावून पाहिला. आखूड केला तर लंगडा दिसे, पुढं सरकवला तर सगळाच सिनेमा पुढं कलंडे. शेवटी एका दुपारी ती टॉलिव्हरसाहेबांना म्हणाली, "पंप जायला हवा."

त्यांनी सिगारेट विझवली. "आर्लीन, आता मला कळलंय तो कोण आहे ते. तू म्हणशील तसं करू. ठेव म्हणालीस तर ठेवू."

"माझा भाऊ ब्रेडच्या गाडीवर असतो," आर्लीन म्हणाली. "हा पंपावरचा माणूस. याला मी ओळखत नाही."

फेन्विकच्या शिकवणुकीला शोभेल असंच बोलली. पंप गेला. गाडीत पेट्रोल भरलं हे कळायला हवं म्हणून नळी अडकवणारा एक हात तेवढा ठेवला. छत्तीस फ्रेम, म्हणजे दीड सेकंद.

आता चूक झाली ती इथं. नटाचं काम कापलं गेलं, की त्याला कळवायचं ते निर्मात्याच्या ऑफिसनं. कटिंग रूमनं नटाशी बोलायचंच नसतं. ऑफिसातल्या बॉनीनं यादी पाहिली, सोबोत्का हे नाव वाचलं आणि मनाशी म्हणाली, ही तर त्याची बहीण, रविवारी घरीच सांगेल, आपण परक्यानं कशाला सांगायचं. आणि आर्लीन समजून चालली की ऑफिसनं सांगितलं. रविवारी सगळे आईच्या टेबलाशी जमायचे. पण तिथं कामाचं बोलायचं नाही हा बापाचा दंडक बाप गेल्यावरही तसाच चालू होता. डेल गप्प होता, कारण काम जाहीर व्हायच्या आधी त्याची बढाई नको. त्याचं गप्प बसणं पाहून आर्लीनला वाटलं, कळलंय याला, आणि मोठ्या मनानं गिळलंय. खरं सांगायचं तर तिनं फारसं खणून पाहिलंच नाही. बटाटे इकडून तिकडे देण्यात रविवार निघून गेले.

सिनेमा लागला त्या शुक्रवारी डेलनं ग्लेंडेलच्या थिएटरात बावीस तिकिटं काढली. आई, बायको, सात वर्षांची लेक मार्सी, ब्रेडच्या कारखान्यातले सोबती, म्हाताऱ्या ओट्सबाई. आर्लीनलाही बोलावलं. तिचं मन भरून आलं. पडद्यावर पहिल्यांदा तिचं एकटीचं नाव येणार, आणि हा माणूस आपलं दुःख बाजूला ठेवून बहिणीच्या नावासाठी सगळी आळी घेऊन आलाय. नाव आलं तेव्हा डेलनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. आर्लीन लाजली.

सिनेमाला अर्धा तास झाला आणि डेल पुढं सरसावून बसला. दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर. पडद्यावर वाळवंट सुरू झालं होतं. त्यानं आईला कोपरानं ढोसलं आणि हळूच म्हणाला, "आता."

आर्लीननं त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याला माहीत नव्हतं.

पुढं काय येणार हे त्या अंधारात तिला एकटीला फ्रेमच्या हिशेबानं ठाऊक होतं. धूळ. गाडीचं चाक. नळी अडकवणारा हात. परत रस्ता.

"तो हात तुझा ना रे?" आईनं विचारलं. "मी ओळखला. अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग. स्टोव्हचा."

"हो. थांब, अजून आहे," डेल म्हणाला.

सिनेमा अजून तासभर चालला. सगळा वेळ तो तसाच पुढं वाकून. गाडी वाळवंटाबाहेर गेली, चर्च आलं, लग्न लागलं, तरी हात खुर्चीवरून निघाले नाहीत. जणू पंप चर्चच्या मागं असेल. आर्लीनला उठून त्याच्या कानात सांगता आलं असतं. तिच्यानं हललं नाही.

शेवटी नावांची यादी आली. ती अक्षरं आधीच तयार करून घेतलेली, एका नावासाठी कोण परत करत बसतो? "पंपावरचा माणूस: वेंडेल सोबोत्का." बावीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. ओट्सबाई मागून म्हणाल्या, "मला बाई डुलकी लागली होती वाटतं. कुठं आला होता आपला डेल?"

बाहेर दिव्यांखाली लोक घुटमळले. डेल आर्लीनसमोर आला. "छान झालाय सिनेमा, आर्लीन," म्हणाला. जन्मभर तो तिला आर्ली म्हणत आला होता. मग त्यानं हात पुढं केला. सख्ख्या बहिणीशी हात मिळवला, आणि आईला गाडीकडे घेऊन गेला.

भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडला नाही, दुरावला नाही, दर रविवारी यायचा. पण "आर्लीन, मीठ देतेस का", "आभारी आहे, आर्लीन" अशा सभ्यपणानं बोलायचा. पाहुण्याशी बोलावं तसं. त्यानंतर तो कुठल्या सिनेमात मेलाही नाही आणि ज्यूरीतही बसला नाही. गाडी, पाव, घर. आई जाईपर्यंत तिच्या कपाटात त्या थिएटरचं तिकीट होतं. "माझ्या मुलाचा हात आलाय सिनेमात," ती पोस्टमनला सांगायची.

आर्लीन दुसऱ्या सोमवारी बॉनीच्या ऑफिसात गेली. तोंड उघडायच्या आधीच बॉनी म्हणाली, "डेलला कसं वाटलं गं? तू बोलली असशीलच ना त्याच्याशी." आर्लीन दारातूनच परत फिरली.

तेव्हापासून तिनं फेन्विकचा एक नियम मोडला. ज्याचं काम तिच्या हातून कापलं गेलं, त्याला ती स्वतः फोन करायची. ऑफिसनं करो न करो. एका वाक्याचा वेटर असला तरी. बोलायची तीनच वाक्यं: "मी आर्लीन सोबोत्का, कटिंग रूममधून. तुमचा सीन काढलाय. तुम्ही वाईट केला म्हणून नाही." पण खोटं बोलायची सवय नव्हती. ज्यानं खरोखर वाईट केला असेल त्याला ती दोनच वाक्यं म्हणायची आणि थांबायची. हळूहळू नटांच्या ते ध्यानात आलं. फोन कानाला लावून ते तिसऱ्या वाक्याची वाट बघायचे.

"तुला कुणी सांगितलंय हे?" कटिंग रूममधली तिची जोडीदारीण वैतागायची. "काल त्या माणसानं तुला काय काय म्हटलं ते मला इथपर्यंत ऐकू आलं."

"मला म्हणाला ना? थिएटरात बसून स्वतःला म्हणाला असता."

पुढं फिल्म गेली, कात्री गेली, कॉम्प्युटर आला. आर्लीन साठीच्या घरात तेही शिकली. "आता कापलेलं परत जोडता येतं, कागदावर खोडरबर फिरवावा तसं," ती म्हणायची. "म्हणून आता कुणी विचार करून कापत नाही." नव्व्याण्णव साली तिनं हातमोजे खुंटीला लावले. शेवटच्या दिवशी केक होता, आणि एका पोरसवद्या दिग्दर्शकानं भाषणात तिचं नाव चुकवलं.

तिच्या गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांमागं, एक पत्र्याचा गोल डबा होता. चौऱ्याहत्तर साली त्या सिनेमाचं उरलंसुरलं कचऱ्यात निघालं, तेव्हा पंपाचं रीळ तिनं कोटाखाली घालून आणलं होतं. जन्मात केलेली तेवढीच चोरी. डेलला दाखवायचं म्हणून आणलं, आणि दाखवलं नाही. वाईट दिसलं तर त्याला लागेल, चांगलं दिसलं तर तिला. दोन्हीची भीती. डब्यावर पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीनं लिहिलं होतं: "पंप. टाकू नये."

दोन हजार पाचच्या ऑक्टोबरात मार्सीचा फोन आला. डेलला आठवं दशक लागलं होतं. छातीचं दुखणं, नाकाला नळी. मार्सीनं त्याला आपल्याकडे आणून ठेवलं होतं.

"आर्ली आत्या, बाबा काल एक चमत्कारिक बोलले," मार्सी म्हणाली. "म्हणाले, तो पंपावरचा माणूस मी एकदा बघायला हवा होता. मी म्हटलं, कुठला पंप? तर म्हणाले, आत्याला विचार. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत गं."

आर्लीननं त्याच दुपारी डबा काढला. झाकण उघडलं आणि गॅरेजभर व्हिनेगरचा वास सुटला. फिल्म सडली की तसाच वास येतो, तिनं दुसऱ्यांच्या डब्यांतून कितीदा घेतला होता. बर्बँकचे एकतीस उन्हाळे त्या डब्यात साठले होते. आवाजाची पट्टी तर विटेसारखी घट्ट झाली होती, तिला नखही लागेना. चित्राची फिल्म आकसली होती, कडा लाटांसारख्या वळल्या होत्या. ओळखीच्या लॅबवाल्याला दाखवली तर तो हळहळला. "आर्लीन, ही यंत्रात घातली तर फिल्मही जाईल आणि यंत्रही. फेकून दे."

"बरं," ती म्हणाली, आणि घरी येऊन स्वयंपाकघराचं टेबल रिकामं केलं.

नऊ दिवस ती खपली. सत्तरीची बोटं, पांढरे हातमोजे, भिंग. एकेक वेटोळं सोडवायचं, तुटेल तिथं चिकटवायचं. कुठं डेलच्या तोंडावरचा रंगच सुटून यायचा, तेवढं कापून टाकायचं. चार मिनिटांतून दोन हातांत धरण्याजोगी उरली चाळीस सेकंदं. तिचं सगळं आयुष्य सिनेमे आखूड करण्यात गेलं होतं, पण इतकं हट्टानं कापायला तिला कुणी लावलं नव्हतं.

रविवारी दुपारी ती हातानं फिरवायचं जुनं यंत्र घेऊन मार्सीकडे गेली. पुस्तकाएवढी काच, आत दिवा, बाजूला दांडा. पुढच्या गुरुवारी डेल गेला, त्याच्या आधीचा हा रविवार.

"आर्लीन," डेल उशीवरून म्हणाला. "ये. बस. कॉफी घेणार?"

"कॉफी राहू दे. पंप आणलाय."

त्यानं मार्सीकडे बघितलं, मग त्या यंत्राकडे. "एवढासा?"

"एवढासाच उरला. आवाज गेला सगळा. चाळीस सेकंदं आहेत, डेल. मी फार उशीर केला."

तिनं यंत्र त्याच्या मांडीवर ठेवलं आणि दांडा फिरवायला लागली. काचेत डेल उजळला. बेचाळीस वर्षांचा, हातात फडकं, खांबाला टेकलेला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पलंगावरचा म्हातारा क्षणभर बघत राहिला. मग म्हणाला, "पाणी मागच्या नळाला आहे. आधी गाडीला पाज, मग तू पी."

आर्लीनचा हात थबकला. डेलला वाक्यं अजून पाठ होती.

"फिरव, फिरव," डेल म्हणाला. "तिची खोली मी रंगवून ठेवलीय. पिवळी. तेव्हा तिला पिवळा आवडायचा. आता काय आवडतं, कुणास ठाऊक."

पण त्याला दम पुरत नव्हता. एका वाक्याचे तीन तुकडे व्हायचे. काचेतला डेल पुढं जायचा आणि पलंगावरचा मागं राहायचा. तेव्हा आर्लीननं काचेवरची नजर काढून त्याच्या छातीवर लावली. तो श्वास घेईल तेव्हा दांडा थांबवायचा, बोलेल तेव्हा फिरवायचा. ओठाला शब्द बसवणं हेच तर तिनं जन्मभर केलं होतं. तरुण ओठ आता म्हाताऱ्या आवाजानं बोलायला लागले. मार्सी दारात उभी होती. तिनं तोंडावर हात धरला.

फिल्म संपली. काच नुसती पांढरी झाली. डेल बोलतच होता, आणि आर्लीन रिकामा दांडा फिरवत राहिली.

"...जेवण केलंस का, म्हणून विचारलं तरी पुरे. माणूस एवढंच तर विचारतो." त्यानं दम घेतला. "जा आता. पोचलास की एक फोन कर. काय झालं ते कळू दे." मग उशीला टेकून म्हणाला, "इथं टॉलिव्हर 'कट' म्हणाले होते."

आर्लीननं यंत्राचा दिवा मालवला. नळीतून हवेचा आवाज तेवढा.

"आता खरं सांग, आर्लीन. जायलाच हवा होता का?"

तिला खोटं बोलता आलं असतं. मरणाऱ्या माणसापुढं सगळे बोलतात. "हो," ती म्हणाली. "तो राहिला असता तर लोक पंपावरच थांबले असते. पुढं आलेच नसते."

"मलाही त्याच दिवशी कळलं होतं," डेल म्हणाला. "थिएटरात. चर्च आलं, आणि मला स्वतःलाच वाटलं, बाप पोचावा. माझ्या पंपावाचूनही वाटलं. त्याचाच तर राग आला." तो हसायला गेला आणि खोकला. मार्सीनं पाणी पाजलं. "कापल्याचं काही नाही गं. पण तुझ्या फोनचं मी ऐकत आलो इतकी वर्षं. माझ्याबरोबर ज्यूरीत बसायचा तो लेनर्ड, त्याला आला होता. तीन वाक्यांचा. त्यानं सगळ्यांना बिअर पाजली त्या दिवशी. परक्यांना करतेस, म्हटलं, आपलाही येईल. पहिली काही वर्षं तर फोन वाजला की मीच उचलायचो. नेहमी कुणीतरी पाव मागायचं."

आर्लीननं हातमोजे काढले, घडी केले, पर्समध्ये ठेवले. त्याला झापड आली तसं ती उठली, यंत्र उचललं आणि घरी आली.

घरी येऊन कोटही न काढता स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन घेतला. संध्याकाळचे पाच वाजले होते, टेबलावर अजून फिल्मचे कपटे पडले होते. मार्सीनं उचलला.

"बाबांना दे," आर्लीन म्हणाली.

"आत्या, तू आत्ताच तर गेलीस. काही विसरलीस का?"

"हो. दे."

पलीकडे खुडबुड झाली. मार्सीनं फोन त्याच्या कानाशी धरला असावा. श्वास ऐकू आला.

"मी आर्लीन सोबोत्का," ती म्हणाली, "कटिंग रूममधून." टेबलावरचा फिल्मचा एक कपटा तिनं बोटानं सरळ केला. "तुमचा सीन काढलाय."

पलीकडे एक श्वास. अजून एक. बाकीचे सगळे थांबायचे तसाच तोही थांबला होता.

"तू वाईट केलास म्हणून नाही, डेल."

"बरं," तो म्हणाला. "कळवलंस ते बरं केलंस, आर्ली."

मार्सीला वाटलं बोलणं झालं. तिनं फोन पलंगावर तसाच ठेवला, बंद करायचं राहून गेलं. आर्लीननंही खाली ठेवला नाही. शॉट संपला तरी शेपटाचं थोडं राहू द्यावं, लगेच कापू नये, ही तिची जुनी सवय. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. पलीकडे चमचा वाजला. मार्सी म्हणाली, सूप घ्या बरं, बाबा. डेल म्हणाला, त्यात मीठ आहे का ते आधी सांग.

त्याला गल्लीतल्या त्या शिंकणाऱ्या पाद्र्याच्या आवाजात म्हणायचं होतं, आणि ते त्याला जमलंही.